चिंधी बांधलेला भोपळा

भादवा लागला की मी माझी बाज अंगणाच्या या कडेची उचलून त्या कडेला नेते. सुना आपसांत हसतात. म्हातारीला एक जागा म्हणून सोसत नाही, असं त्यांचं म्हणणं. खरं कारण शेजारच्या छपरावर आहे. शेजारणीनं तिथं दुधी भोपळ्याचा वेल चढवलाय, आणि दिवेलागणीला त्याची फुलं उमलतात. पांढरी, पातळ, हात लावला तरी चुरगळणारी. बहुतेक फुलं सकाळी उमलतात, हे संध्याकाळी. वेल हलला की पानांचा तो उग्र, मस्तकात जाणारा वास माझ्यापर्यंत येतो आणि मग मी पुढ्यातली भाकरी बाजूला सारते.

शेजारणीची नात परवा वेलाकडं बोट करून सांगत होती, "आज्जी, तीन कळ्या!" तिच्या आजीनं पटकन तिचं बोट मुडपलं. भोपळ्याच्या कळीला बोट दाखवलं की कळी सडते, हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. विटाळशीची सावली पडली की वेल वाळतो, तिन्हीसांजेला तोडला की भोपळा कडू होतो, सवतीच्या हातचं बी रुजत नाही. भोपळ्याइतकी बोलणी दुसऱ्या कुठल्याच भाजीनं खाल्ली नसतील. आणि त्यातली एकूण एक बोलणी शेवटी कुठल्या तरी बाईवरच जाऊन बसतात. मी एवढी म्हातारी झाले, पण वेल वाळला म्हणून कुणी गड्याला दोष दिलेला मी पाहिला नाही.

मी केजजवळच्या या गावात सून म्हणून आले तेव्हा निजामाचं राज्य होतं. मला सोळावं सरलं नव्हतं. घरात सासरे, म्हणजे आमचे मामंजी, मोठे दीर, त्यांची बायको आक्का, त्यांची सात-आठ वर्षांची चंद्रा, माझे मालक आणि मी. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या, अहेवपणी. घर आक्काच्या हातात होतं. आक्का चौसाळ्याची. उंच, काळीसावळी, बोलणं मोजकं आणि चालणं असं की वाटेतल्या कोंबड्या आपण होऊन बाजूला व्हाव्यात. माझं आणि तिचं विळ्याभोपळ्याचं सख्य. भांडण असं कधी झालं नाही, पण तिनं लिंपलेली भिंत बघून कुणी वाहवा केली की माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू.

तिचा सगळ्यात मोठा दिमाख म्हणजे तिचा भोपळा. लग्नात तिच्या आईनं ओटीत तांदळाबरोबर दुधीचं बी घातलं होतं. तिच्या आईला ते तिच्या आईनं दिलेलं. आमच्याकडं जमीन लेकाला जाते, बी लेकीबरोबर जातं. त्या बियाचा भोपळा हातभर लांब, देठाशी थोडा वाकलेला, कवळा असताना नख लावलं तर पाणी सुटायचं. शिजला की हरभऱ्याच्या डाळीत विरघळून जायचा. गावातल्या बायका बी मागायला यायच्या आणि आक्का देत नसे. तिची रीत ठरलेली होती. वेलावरच्या पहिल्या सुलक्षणी फळाला ती लुगड्याच्या काठाची चिंधी बांधायची. चिंधी बांधलेल्या फळाला कुणी हात लावायचा नाही. ते वेलावरच जून व्हायचं, वाळायचं, हलवलं की आत बी खुळखुळायचं, मग ते फोडून पुढल्या सालाचं बी निघायचं. बाकीची फळं पोटाची, हे एक बियाचं.

आमच्या घरी दुसराही एक भोपळा असायचा, कडू. तो खायचा नाही. मांजरा नदी गावाला खेटून वाहते आणि आमचं निम्मं रान पलीकडच्या तीराला. पावसाळ्यात नदी फुगली की गडीमाणसं वाळलेले मोठाले कडू भोपळे पाठीला बांधून पोहत पलीकडं जायची. कडू भोपळ्याची साल जाड, पाण्यात कुजत नाही, किडा शिवत नाही. मामंजींना दरसाल चार-सहा नवे लागायचे. पण गंमत अशी, की कडू वेल आणि गोड वेल शेजारी उभे केले तर कुणाला ओळखता यायचे नाहीत. तेच पान, तेच पांढरं फूल, तीच संध्याकाळची वेळ. फरक तेवढा जिभेला कळायचा. म्हणून कडू भोपळे नदीकाठी लावायचे, घरच्या आवारात आणायचे नाहीत, असा आक्काचा दंडक होता.

ज्या सालाची ही गोष्ट, त्याच्या आदल्या साली आक्काची आई अंथरुणाला खिळली. आषाढात आक्का चंद्राला घेऊन चौसाळ्याला गेली ती दिवाळी उरकूनच आली. जाताना गाडीत बसल्यावर तिनं मला जवळ बोलावलं आणि घर, गुरं, चूल यातलं काहीच सांगितलं नाही. म्हणाली, "सरू, पयल्या चांगल्या फळाला चिंधी बांध, आन् कडू भोपळे नदीकडंच लाव. हिकडं आनू नको." मी विचारलं, कावून? ती म्हणाली, "माझी माय सांगायची म्हनून."

कारण सांगता येत नसलं की माणसं मायचं नाव सांगतात, असं मला तेव्हा वाटलं. त्यात पाऊस लागलेला. आमची काळी माती एकदा भिजली की पायाला असे गोळे चिकटतात की पाय उचलायला दुसरं माणूस लागावं. नदीपर्यंत जायचं, आळी करायची, बी टोकायचं, पुन्हा दोन दिवसांनी गुरांनी तुडवलं का ते बघायला जायचं. मी एक दिवस गेले. दुसऱ्या दिवशी उरलेलं मूठभर बी गोठ्यामागच्या उकिरड्याच्या कडेला टोकून टाकलं. तिकडं आम्हा बायकांशिवाय कुणी फिरकत नसे, आणि आम्हा बायकांत त्या साली मी एकटीच होते. आळस, दुसरं काही नाही. मनात पाप असतं तर एवढ्या वर्षांत कधीतरी त्याची फेड तरी झाली असती. आळसाची फेड कशी करायची ते मला कुणी शिकवलं नाही.

उकिरड्याच्या खतावर कडू वेल माजले. नदीकाठचे मात्र पुरात वाहून गेले. गोठ्याच्या या बाजूला आक्काचा वेल, त्या बाजूला माझे कडू वेल, मध्ये वीस पावलं. भादव्याच्या संध्याकाळी दोन्हीकडं पांढरी फुलं उमलायची आणि राखाडी, पतंगासारखी पाखरं या फुलावरून त्या फुलावर भिरभिरायची. मी गाईखाली बसून धार काढता काढता ते बघायची आणि मला ते फार आवडायचं. तो सगळा महिना मी सुखात होते हेही सांगायला हवं. घरात माझाच शब्द चालत होता.

त्या साली आक्काच्या वेलाची फळं नेहमीसारखीच गोड निघाली. आम्ही सगळ्यांनी खाल्ली. चिंधी बांधलेलं फळही तस्संच, हातभर लांब, देठाशी वाकलेलं. मला वाटलं, बघा, काय झालं नदीकडं नाही लावले तर? दिवाळीनंतर आक्का आली तोवर वेल वाळून चुलीत गेले होते आणि कडू भोपळे माळवदावर वाळत पडले होते. तिनं चिंधीचं फळ कानाशी धरून हलवलं, बी खुळखुळलं, आणि ती आल्यापासून पहिल्यांदा हसली. तिची आई त्याच दिवाळीत गेली होती.

पुढल्या साली तिनं ते बी लावलं. दोन वेल जगले. छपरावर चढले, फुलले, फळले. चिंधीचं सोडून पहिलं फळ पित्राचं, त्याआधी कुणी खायचं नाही, ही आमची रीत. नवमीला सासूबाईंचं पित्र. अहेव गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. आमच्याकडं सासूबाईंच्या जागी दरसाल गोदाकाकू बसायच्या. त्या मामंजींच्या चुलतभावाच्या बायको, दोन घरं सोडून राहायच्या. गोल चेहऱ्याच्या, सतत काहीतरी चघळणाऱ्या, आणि हसल्या की अंगभर हलणाऱ्या. मला त्या गावातल्या सगळ्या बायकांत जास्त आवडायच्या, कारण त्या मला नवी म्हणून कधी हिणवत नसत.

एरवी कुठलाही दुधी चिरताना आक्का देठाकडची चकती कापून जिभेला लावून बघायची. आमच्या भागात सगळ्याच बायका बघतात. पण देवाचं आणि पित्राचं चाखायचं नसतं. त्या दिवशी तिनं न चाखता भोपळा चिरला, न चाखता फोडणी घातली, झाकणावर पाणी ठेवून वाफ आणली. मी वडे तळत होते. स्वयंपाकघरात वडे, खीर, कढी यांचा वास कोंडला होता. भोपळ्याच्या वासात काहीही वेगळं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन.

गोदाकाकूंचे पाय धुतले, कुंकू लावलं, ताट वाढलं. पित्राच्या ताटावर बसलेल्या माणसानं बोलायचं नसतं, नावं ठेवायची नसतात आणि ताटात काही टाकायचं नसतं. त्यांनी भोपळ्याचा घास घेतला आणि थांबल्या. मग दुसरा घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, सासूबाईंची आठवण झाली असेल, दोघी बरोबरीच्या होत्या. त्यांनी ती भाजी आधी संपवली, नको ते आधी संपवून टाकावं तशी. रिकामी जागा बघून मी पळी घेऊन गेले. दुसऱ्यांदा भाजी वाढली ती मी. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि तीही खाल्ली.

सवाष्ण उठल्यावर पुरुषांची पानं. मामंजींनी पहिला घास तोंडात घातला आणि तिथंच थुंकला. म्हणाले, हे तर इख हाय. आक्का चुलीपाशी होती, तिनं पातेल्यातली फोड जिभेला लावली आणि तिचा चेहरा मातीसारखा झाला. सगळे गोदाकाकूंकडं वळले. त्या ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मामंजींनी विचारलं, वहिनी, तुमी सांगितलं कावून न्हाई? त्या कसंनुसं हसल्या. म्हणाल्या, "पित्राच्या ताटाला कुनी नाव ठिवतं का?"

दुपारपासून त्यांना ओकाऱ्या सुरू झाल्या. आधी अन्न, मग पाणी, मग रक्त. तूप पाजलं, ताक पाजलं, वैदू आला. दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आधी त्या गेल्या. त्यांच्या अंगणात बायका रडत होत्या आणि मला रडू येत नव्हतं. माझ्या हाताला पळी लागलेली होती आणि मी तो हात लुगड्याला पुसत होते, एवढंच आठवतं.

सुतक फिटायच्या आत गावात कुजबुज झाली. विष घातलं म्हणून कुणी केजच्या तहसिलीत कळवलं असतं तर घोडेस्वारांनी येऊन साऱ्या घराला बांधून नेलं असतं. पोलीस पाटील आमच्या ओसरीवर येऊन बसला. मामंजी घर राखायला बघत होते, त्यांना मी दोष देत नाही. ते म्हणाले, इख नाही, बीच कडू निघालं, आणि बी काही आमच्या घरचं नाही, सुनंच्या माहेरचं. पाटलाला तेवढं पुरे होतं. आक्का दाराआड उभी होती ती पुढं आली. पाटलासमोर ती पहिल्यांदाच आली असेल. म्हणाली, "माझ्या मायचं बी कडू न्हाई. कडवटाच्या फुलावरचं काईतरी त्याला लागलंय. सरूला इचारा, मागल्या साली कडू भोपळे कुठं लावलते."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मामंजी, दीर, पाटील, माझे मालक. मला त्या क्षणी सगळं कळलं होतं असं म्हणता येणार नाही. पण आक्कानं गाडीतून सांगितलेलं आठवलं. मी पदर पुढं ओढून म्हणाले, "नदीकडं, मामंजी."

आक्का माझ्याकडं बघत राहिली. मग ती वळून आत गेली.

मग काय, गावाला बोलायला म्हणीच पुरतात. खाण तशी माती. बी तसं झाड. ज्या बायका तिच्याकडं बियासाठी चकरा मारायच्या त्याच म्हणायला लागल्या, बरं झालं दिलं नाही. मोठ्या दिरांनी दोन्ही वेल मुळासकट उपटले. तेराव्यानंतर गाडी जुंपून आक्काला आणि चंद्राला चौसाळ्याला पोचवलं, थोडे दिवस म्हणून. ते थोडे दिवस कधी संपले नाहीत. दोन वर्षांनी दिरांनी दुसरं लग्न केलं. चंद्राची सोयरीक कडा गावाकडच्या एका चांगल्या घरात बोललेली होती, ती मोडली. आईचं बी कडू, लेकीचं काय सांगावं, असा निरोप आला. पुढं तिला तीन लेकरांच्या बिजवराला दिली.

मी आत्ताच पाणी पिऊन आले. शेजारच्या वेलाची फुलं उमलली असतील. एखाद्या जखमेवर खपली धरते, पण जखम आपली नसून दुसऱ्याची असली की ती कशी धरणार? मी दिवस काढले. पोरं झाली. घर माझ्या हातात आलं. मला हवं होतं तेच झालं होतं, आणि त्याची मला लाज वाटायची, आणि तरी किल्ल्या कमरेला लावल्या की बरंही वाटायचं.

बऱ्याच वर्षांनी शेतकी खात्याचा एक माणूस कापसाचं बी घेऊन गावात आला आणि आमच्या ओसरीवर उतरला. मालकांबरोबर बोलत होता. मी दाराआडून विचारलं, गोड भोपळ्याच्या बियाचा वेल कडू कसा होतो? तो हसला नाही. म्हणाला, बाई, तुम्ही ज्याला वांझ फूल म्हणून तोडून टाकता ते वांझ नसतं, ते नर असतं. त्याची पिवळी भुकटी पाखरं मादी फुलावर नेतात. फळाचा गर सगळा आईचा असतो, म्हणून त्या साली फळ गोडच लागतं. बी मात्र दोघांचं असतं. आणि कडूपणाचा जोर मोठा, एका बाजूनं आला तरी पुढल्या सालचा वेल कडू. मी विचारलं, वीस पावलांवरून? तो म्हणाला, वीस काय, दोनशे पावलांवरूनही.

म्हणजे ज्या भादव्यात मी गाईखाली बसून पाखरं बघत होते, त्याच संध्याकाळी, माझ्या डोळ्यांदेखत ते झालं होतं. आणि सगळ्यांनी गोड म्हणून खाल्लेल्या फळात गोदाकाकूंचं मरण होतं. मला भोवळ आली. मालकांना वाटलं उपास बाधला.

तरीही मी चार पावसाळे गप्प राहिले. मग तुळशीच्या लग्नानंतर चौसाळ्याला माझ्या मावसबहिणीच्या लेकीचं लग्न निघालं आणि मी गाडीत बसले. लग्नघरी पिशवी टाकून थेट आक्काकडं गेले.

ती भावाच्या घरामागं एका खोलीत राहायची. पाठीत वाकली होती. खोलीच्या छपरावर भोपळ्याचे वेल वाळत आले होते आणि एका फळाला चिंधी होती. मी दारातच उभी राहून सांगितलं. उकिरडा, वीस पावलं, पाखरं, शेतकी खात्याचा माणूस, सगळं. ती सुपात बी निवडत होती. हात थांबवले नाहीत.

"मला त्याच दिशी कळलं हुतं," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं, जाताना ओच्यात त्या चिंधीच्या फळाचं उरलेलं बी तिनं आणलं होतं. पहिल्या साली लावलं ते सगळे वेल कडू निघाले. तिनं त्यातलंच एक फळ जून केलं आणि त्याचं बी पुढल्या साली लावलं. वेल फळला की देठाची चकती जिभेच्या टोकाला लावायची आणि थुंकायची. कडू निघाला की उपटायचा. बारा वेलांत तीन गोड निघाले. बाकीचे उपटले. त्या तीन गोड वेलांचं बी पुन्हा लावलं, पुन्हा चाखलं. कितीदा तोंड सुजलं, कितीदा पोट गेलं. आता पाच सालं झाली, एकही कडू वेल नाही.

"कडू लागलं तरी गोड आत हुतंच," ती म्हणाली. "माझ्या मायचं बी वाईट न्हवतं. पर हे कुनाला दावू? हिकडं कोन येतंय?"

मी तिचे पाय धरायला वाकले. तिनं पाय मागं घेतले.

"मला कावून सांगतीस? मला ठावंच हाय. चंद्रीच्या घरी अजून म्हनत्यात, कडू बियाची. आता तिच्या लेकीला बगायला यायला लागलेत आन् तितंबी तेच निघतंय. तू गावात सांग. पारावर, चार मानसांत सांग. बाकी मला तुझं काई नको."

मी सांगते म्हणाले. तिनं सुपातलं बी गाडग्यात भरलं आणि तोंड बांधलं. मला त्यातलं दिलं नाही, मी मागितलंही नाही.

परतीच्या गाडीत मी सगळी वाट वाक्यं जुळवत होते. आधी काय सांगायचं, मग काय. गावात शिरले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि पारावर माणसं बसली होती. मोठे दीर होते, पोलीस पाटलाचा मुलगा होता, गोदाकाकूंचे मालक काठीवर हनुवटी टेकून बसले होते. मी गाडी थांबवायला सांगितली आणि उतरले. थोरला दीर धाकट्याच्या बायकोशी सहसा बोलत नाही, आमचे तर वीस वर्षांत बोलले नव्हते. त्या दिवशी त्यांनी तोंड दुसरीकडं वळवून विचारलं, "चौसाळ्याला गेल्तीस म्हनं. ती कशी हाय?"

गोदाकाकूंच्या मालकांनी काठीवरची हनुवटी उचलली. अशी वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती, हे मला तिथं उभी असतानाही ठाऊक होतं.

"बरी हाय," मी म्हणाले, आणि पदर पुढं ओढून घराकडं चालू लागले.